कुकर परिपथातील विद्युत संरक्षण

कुकर परिपथ म्हणजे ब्रिटनमधील घरांत विजेच्या चुलीसाठी वितरण पेटीपासून स्वतंत्रपणे नेलेला विद्युत परिपथ होय. मराठीत ‘कुकर’ म्हणताच शिट्टीचे भांडे डोळ्यांपुढे येते; ब्रिटिश इंग्रजीत मात्र शेगड्या आणि ओव्हन एकत्र असलेल्या मोठ्या चुलीला कुकर म्हणतात. स्वयंपाकघराची फेररचना करताना चूल दुसऱ्या भिंतीकडे हलवली जाते किंवा तिच्या जागी इंडक्शन शेगडी येते, आणि या परिपथात बदल करावा लागतो. त्या वेळी वीज पुरेल का, हे सहसा पाहिले जाते. माणसाच्या संरक्षणाचा विचार मागे पडतो.

भाराचा हिशेब

११.५ किलोवॅटची चूल २३० व्होल्ट दाबाला ५० अँपिअर धारा घेऊ शकते. सर्व शेगड्या एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालत नसल्याने ब्रिटिश प्रघातानुसार पहिले १० अँपिअर पूर्ण, उरलेल्या ४० अँपिअरचे ३० टक्के आणि चुलीच्या स्विचपाशी सॉकेट असल्यास आणखी ५ अँपिअर धरतात. बेरीज २७ येते. म्हणून ३२ अँपिअरचा एमसीबी आणि ६ चौरस मिलिमीटरची केबल ही जोडी तेथे सर्रास आढळते.

व्यक्तीचे संरक्षण

एमसीबी मुख्यतः केबलला जळण्यापासून वाचवतो. शरीरातून ३० मिलिअँपिअरहून अधिक धारा काही क्षण वाहिली तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. ३२ अँपिअर ही धारा त्याच्या हजारपटीहून मोठी असल्याने, माणसाला धक्का बसला तरी एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. चुलीचे धातूचे अंग नीट अर्थिंगला जोडलेले असेल, तर तारेचा स्पर्श त्या अंगाला होताच मोठी धारा वाहून एमसीबी तुटतो. अर्थिंग सदोष असेल किंवा उघड्या तारेला हात लागला, तर भिस्त अवशिष्ट धारा उपकरणावर, म्हणजेच आरसीडीवर, असते. ते फेज व न्यूट्रलमधील धारांची सतत तुलना करते आणि जमिनीकडे गळती होऊन फरक पडताच पुरवठा तोडते. मात्र दोन्ही तारा एकदम हाती आल्या, तर गळतीच नसल्याने तेही निरुपयोगी ठरते.

बदल करताना

बीएस ७६७१ या ब्रिटिश मानकानुसार भिंतीत ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोलीवर पुरलेल्या साध्या नव्या केबलला ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीचे संरक्षण लागते. जुना परिपथ केवळ जुना म्हणून बदलावा लागत नाही. नव्याने केलेला भाग मात्र आजच्याच नियमांत बसला पाहिजे. इंग्लंडमध्ये २०१३ पासून स्वयंपाकघरातील विद्यमान परिपथात केलेल्या बदलाची पूर्वसूचना स्थानिक प्राधिकरणाला द्यावी लागत नाही. ही सवलत कागदपत्रांपुरती आहे, सुरक्षिततेच्या अटींत नाही.

जुन्या ओव्हनच्या तापक घटकातील मॅग्नेशियम ऑक्साइड दमट हवेतील ओलावा शोषते. त्यातून होणाऱ्या गळतीने आरसीडी वारंवार तुटतो. अशा वेळी परिपथच आरसीडीबाहेर काढण्याची पळवाट काहीजण शोधतात. खरा उपाय तापक सुकवणे किंवा बदलणे हा होय. इंडक्शन शेगडीतील इलेक्ट्रॉनिक भागांमुळे गळतीच्या धारेत एकदिश अंश येऊ शकतो. ‘एसी’ प्रकारचा जुना आरसीडी तो अंश ओळखण्यास अपुरा पडतो. त्यामुळे तेथे किमान ‘ए’ प्रकारचा आरसीडी वापरतात. काम झाल्यावर अर्थिंगचे सातत्य, निरोधनाचा रोध आणि आरसीडी तुटण्यास लागणारा वेळ उपकरणाने मोजून प्रमाणपत्रात नोंदवला जातो.