संत्रा, संघ आणि परदेशाची वाट

ठाणे पूर्वेला कोपरीच्या बाजारात दिवाळीच्या सुमारास संत्र्याच्या हातगाड्या वाढू लागल्या की विदर्भात आंबिया बहाराची तोड सुरू झाली असे समजावे. खाडीपलीकडच्या वाशीच्या घाऊक बाजारातून हे फळ इकडे येते. आपण भाव विचारतो, घासाघीस करतो, दोन किलो घेऊन घरी जातो. हा भाव ठरवण्यात नागपूर-अमरावतीच्या पावसापाण्याइतकाच वाटा ढाक्यातल्या एका सरकारी निर्णयाचा असतो, हे मात्र आपल्या गावीही नसते.

नागपुरी संत्र्याचा परदेशातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. तिथे या फळाला मान आहे, अंतर परवडण्यासारखे आहे, आणि मोठ्या आकाराचाच आग्रह नसल्याने बागेतला बराचसा माल तिकडे खपत असे. २०१९ मध्ये तिथले आयात शुल्क किलोमागे २० टका होते. ते दर वर्षी चढत गेले आणि २०२३ मध्ये ८८ टक्यांवर पोहोचले. निर्यात निम्म्याहून खाली आली. सीमेपलीकडे जायचा माल माघारी फिरला आणि नागपूर, दिल्ली, वाशी अशा देशातल्याच बाजारांवर येऊन आदळला. शहरात फळ स्वस्त झाले आणि वरूड-मोर्शीच्या शेतकऱ्याला तोडणीची मजुरीही निघेना. राज्य सरकारने २०२३ च्या हिवाळ्यात निर्यातीसाठी अनुदान जाहीर केले. ते आवश्यकच होते. पण एका देशाने दार लोटल्याबरोबर सव्वा-दीड लाख हेक्टरांवरचे पीक अडचणीत येते, तेव्हा दुखणे शुल्काच्या पलीकडचे असते. दुसरे दार आधीच उघडून ठेवायचे काम कोणाचे होते? माझ्या मते ते उत्पादकांच्या संघटनेचे होते, आणि तसे काम करील अशी भक्कम, स्वतःच्या पैशावर चालणारी संघटना आपण संत्र्यात उभीच केली नाही.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस भोसल्यांच्या राजवटीत हे झाड नागपूर परिसरात आले आणि विसाव्या शतकात त्याचे मोठे पीक झाले, तेव्हा बागायतदार एकत्र आलेच होते. ‘नोगा’चा जॅम आणि स्क्वॅश ज्यांनी लहानपणी चाखला, त्यांना तो सरकारी ब्रँड म्हणून माहीत असेल, तो मुळात नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनचा. पुढे तो महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला. बाटली दुकानात राहिली, पण बागायतदाराचा तिच्याशी संबंध उरला नाही. त्याने स्वतः उभारलेली चीज हातची गेली, आणि तिची जागा घेणारे काही बराच काळ उभे राहिले नाही.

शेजारच्या पिकात काय झाले ते पाहावे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून काम करतो आहे. छाटणी कधी घ्यावी, औषध कोणते मारावे, कोणते थांबवावे, यावर बागायतदारांनी बागायतदारांशी बोलायची सवय या संघाने लावली. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ आले. सहकारी संस्थांनी मिळून काढलेल्या या भागीदारीने सभासद संस्थांच्या गावीच पूर्वशीतकरणाची सोय करून युरोपात माल पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीला माल नाकारलाही गेला, पण त्यातून प्रतवारी शिकता आली. २००६ पासून अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था आली आणि युरोपला जाणारी बाग नोंदणीखाली आली. पेटी कुठल्या बागेतली हे तिथल्या गिऱ्हाइकालाही कळू लागले. २०१० मध्ये युरोपात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला, कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. तरीही द्राक्ष निर्यात बंद पडली नाही. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा होती, नोंदणी होती, निरोप बागेपर्यंत पोहोचवणारा संघ होता. तपासणीच्या यादीत ते रसायन आले आणि पुढच्या हंगामात माल पुन्हा निघाला. संकट आल्यावर संघ काढून चालत नाही, तो त्याआधी वीस-तीस वर्षे नांदता असावा लागतो.

संत्र्यात हे का जमले नाही, याचे उत्तर बगीचा विकण्याच्या पद्धतीत आहे. विदर्भात फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, बगीचा फिरून पाहतो, अंदाज बांधतो आणि इसार देऊन जातो. पूर्वी सौदा हजार फळांच्या हिशेबाने होई, आता बराचसा टनावर होतो. तोडणी, भराई, वाहतूक सगळे व्यापाऱ्याचे. शेतकऱ्याला रोकड हातात येते, मजूर शोधायची दगदग वाचते. त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पण आपले फळ कुठल्या बाजारात गेले, कुठे सडले, कुणी का नाकारले, हे त्याला कधीच कळत नाही. फळ नाकारले गेल्याची खबर बागेपर्यंत येतच नाही, मग बागेत सुधारणा तरी कशी व्हावी?

तोडणीचेच पाहा. संत्रे ओढून तोडले तर देठाजवळची साल निघते, तिथे बारीक खड्डा पडतो आणि बुरशीला वाट मिळते. आंबिया बहाराच्या फळाची साल मुळातच ढिली, त्यामुळे हा धोका जास्त. निर्यातीचे फळ कात्रीने, देठ अगदी आखूड ठेवून कापावे लागते. देठ लांब राहिला तर तो क्रेटमधल्या शेजारच्या फळाला टोचतो. सकाळचे दव सुकल्याशिवाय तोड करायची नाही, फळ जमिनीवर ओतायचे नाही. मग पॅकहाऊसमध्ये ते क्लोरीनच्या पाण्यात धुतले जाते, ब्रशांवरून फिरते, वाळते, त्यावर मेणाचा पातळ थर चढतो आणि आकारानुसार वेगळे होऊन ते पेटीत बसते. मेण नसलेले फळ काही दिवसांत सुरकुतते, मेणाचे फळ शीतगृहात आठवडे टिकते. झाडावरून फळ उतरवणारा मजूर आणि त्याच्या हातातली कात्री, निर्यात तिथून सुरू होते. उक्त्या सौद्यात ज्याला आज बगीचा उरकून उद्या दुसऱ्या गावी जायचे आहे, तो मजूर कात्री वापरणार नाही. त्याला जादा मजुरी देऊन शिकवणारे कुणीतरी हवे, आणि तो खर्च एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही.

हे ओळखून ‘महाऑरेंज’ ही उत्पादकांची संस्था उभी राहिली. राज्याच्या पणन मंडळाने वरूड आणि कारंजा घाडगे इथे प्रतवारी आणि मेणप्रक्रियेची केंद्रे उभारली, त्यांचा वापर तिच्यामार्फत झाला. महाऑरेंजच्या श्रीधर ठाकरे यांच्यासारखे कार्यकर्ते आयात शुल्कापासून रेल्वेच्या डब्यांपर्यंत प्रत्येक प्रश्नावर वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घालत आले आहेत. २०२० मध्ये किसान रेल्वे सुरू झाली, तेव्हा विदर्भाचा संत्राही रेल्वेने निघाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अपेडाच्या पुढाकाराने वाशीहून शीत कंटेनरमधून १५०० क्रेट नागपुरी संत्री दुबईला रवाना झाली. आमच्या कोपरीपासून वाशी फार लांब नाही. विदर्भाच्या फळाला परदेशाची वाट आमच्या उंबऱ्यावरून जाते. त्या दुबईच्या खेपेनंतर दर आठवड्याला कंटेनर निघायला हवे होते. तसे सातत्य आले नाही, आणि याला एकटी महाऑरेंज जबाबदार नाही. ज्या संस्थेमागे सभासदांची वर्गणी नाही, ती अर्ज-विनंत्या करू शकते, सातत्य विकत घेऊ शकत नाही.

सभासदांच्या वर्गणीवर काय उभे राहू शकते, याचे दक्षिण आफ्रिका हे चांगले उदाहरण. स्पेनच्या खालोखाल ताजी लिंबूवर्गीय फळे जगाला पुरवणारा हा देश. १९९७ मध्ये तिथली सरकारी एकाधिकाराची विक्री संपली आणि त्याच वर्षी उत्पादकांनी आपली सिट्रस ग्रोअर्स असोसिएशन काढली. निर्यात होणाऱ्या प्रत्येक पेटीमागे ठरावीक आकार उत्पादकाला भरावा लागतो, आणि तो कायद्याने बंधनकारक आहे. त्या पैशातून संशोधन चालते, कीड-रोगांवर शास्त्रज्ञ बसतात, नव्या देशांशी बोलणी होतात. युरोपने काळ्या ठिपक्याचा रोग आणि फळ पोखरणारी अळी यांवरून जाचक अटी घातल्या, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने प्रकरण जागतिक व्यापार संघटनेपर्यंत नेले. सरकारच्या हातात शास्त्रीय पुरावा होता, कारण उत्पादकांनी वर्षानुवर्षे त्यासाठी पैसे मोजले होते. वरूडला आपण अभिमानाने विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतो. त्या कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी १८९३ मध्येच एकत्र येऊन विक्री आपल्या हातात घेतली होती. ‘सनकिस्ट’ हे नाव त्यातूनच पुढे आले.

आपल्याकडे शास्त्राची कमतरता नाही. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था १९८५ पासून काम करते आहे. तिने रोगमुक्त कलमांची पद्धत घालून दिली, कमी बियांच्या वाणांवर काम केले. परदेशी गिऱ्हाइकाला बी नको असते, आणि आपले संत्रे चवीला अव्वल असले तरी बियांचे आहे. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला आणि पुढे जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंजाबने किन्नो या तिथल्या संत्र्यासाठी सिट्रस इस्टेट, म्हणजे बागायतदारांना रोपे आणि सल्ला देणारी केंद्रे काढली, त्या धर्तीवर आपल्या सरकारनेही मोर्शी, काटोल आणि आष्टी तालुक्यांत आणि मोसंबीसाठी पैठणला इस्टेट मंजूर केल्या. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून दर वर्षी प्रचंड संख्येने कलमे बाहेर पडतात. त्यातले निरोगी किती, डिंक्याची बुरशी मुळाशी घेऊन आलेले किती, हे रोप विकत घेणाऱ्याला लावल्यावर काही वर्षांनी कळते. रोपवाटिकेवर लक्ष ठेवणे, सभासदाला खात्रीचे कलम मिळवून देणे, हे संघाचे पहिले काम असायला हवे. पाण्याचेही तसेच. वरूड-मोर्शी भागात भूजल इतके उपसले गेले आहे की बोअर हजार फुटांकडे निघाल्या आहेत. तिथे कुठल्या गावाने किती नवी लागवड करावी हेही कधीतरी बागायतदारांनीच आपसांत ठरवावे लागेल. सरकार ते सांगणार नाही, व्यापाऱ्याला त्याची गरज नाही.

म्हणून संत्रा उत्पादकांना एक विनंती आहे. अनुदानाची मागणी जरूर करा, ती न्याय्य आहे. पण या आंबिया बहारापासून गावोगावच्या उत्पादक कंपन्यांनी आणि महाऑरेंजने मिळून प्रत्येक क्रेटमागे एक रुपया स्वतःच्या निधीत टाकायला सुरुवात करावी, त्याचा हिशेब दर हंगामाला गावसभेत वाचून दाखवावा आणि पहिला खर्च तोडणीच्या मजुरांना शिकवण्यावर आणि कात्र्यांवर करावा. शहरातल्या वाचकांनाही सांगणे आहे: वाशीच्या बाजारातून आलेले, प्रतवारी केलेले, देठ नीट कापलेले संत्रे दिसले तर त्याला दोन रुपये जास्त द्यायला मागेपुढे पाहू नका.