हृदयविकाराच्या रुग्णांच्या रक्तातील सूक्ष्म धातू : मापन आणि अर्थनिर्णय

प्रस्तावना :
मानवी शरीरात जस्त, तांबे, मँगनीज, कोबाल्ट इत्यादी धातू अत्यल्प प्रमाणात असतात. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातील एकूण जस्त दोन ते तीन ग्रॅम, तर तांबे सुमारे ०.१ ग्रॅम भरते. प्रमाण अल्प असले तरी अनेक विकरांचे कार्य या धातूंवाचून चालत नाही. शिसे व कॅडमियम यांचे मात्र मानवी शरीरात कोणतेही उपयुक्त कार्य ज्ञात नाही. हृदयविकाराच्या रुग्णांच्या रक्तात या धातूंचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा वेगळे असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. हा फरक रोगाचे कारण आहे की रोगाचा परिणाम, हे ठरविल्याशिवाय अहवालातील आकड्यास अर्थ प्राप्त होत नाही. अशा आकड्यांच्या आधारे रुग्णांना पूरक गोळ्या, तर कधी रक्तातील धातू काढून टाकणारे खर्चिक उपचार सुचविले जातात. म्हणून या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

मापन व नमुना :
रक्तातील धातूंचे मापन सुलभ झाले ते अणुशोषण वर्णपटमापन पद्धतीमुळे. ऑस्ट्रेलियातील भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये ही पद्धत मांडली. ज्वालेतील मुक्त अणू विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात. जस्तासाठी ही तरंगलांबी २१३.९ नॅनोमीटर, तर तांब्यासाठी ३२४.७ नॅनोमीटर आहे. शोषणाच्या प्रमाणावरून धातूची संहती काढता येते.

उपकरण अचूक असले तरी नमुना सदोष असू शकतो. तांबड्या पेशींमध्ये जस्ताचे प्रमाण रक्तद्रवाच्या कितीतरी पट असते. रक्त काढताना काही पेशी फुटल्या तरी सीरममधील जस्त वाढलेले दिसते. नळीचे रबरी बूच हादेखील जस्ताचा स्रोत ठरतो. जेवणानंतर रक्तद्रवातील जस्त घटते. परिणामी, रुग्णांचे नमुने दुपारी आणि तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी व्यक्तींचे नमुने सकाळी उपाशीपोटी घेतले असतील, तर दोन गटांतील फरकाचा काही भाग निव्वळ वेळापत्रकामुळे निर्माण झालेला असतो.

तांबे व जस्त :
हृदयस्नायूचा रक्तपुरवठा खंडित होऊन झटका आल्यानंतर सीरममधील जस्त पहिल्या काही दिवसांत घटते व तांबे वाढते. यामागील यंत्रणा आता बरीच स्पष्ट झाली आहे. स्नायूचा भाग मृत झाल्यावर शरीरात दाहप्रक्रिया सुरू होते. त्या वेळी स्रवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या संदेशवाहक प्रथिनामुळे यकृत रक्तातील जस्त आत ओढून घेते व मेटॅलोथायोनीन या प्रथिनाशी बांधून ठेवते. याच काळात यकृत सेरुलोप्लाझ्मिन अधिक प्रमाणात तयार करते. रक्तद्रवातील बहुतांश तांबे या प्रथिनात असल्यामुळे सीरममधील तांब्याचा आकडाही वर जातो. न्यूमोनिया, संधिवात, गर्भावस्था किंवा गर्भनिरोधक गोळ्यांचे सेवन यांतही सीरममधील तांबे वाढते. तात्पर्य, झटक्यानंतर घेतलेल्या नमुन्यातील वाढीव तांबे पाहून रुग्णाने घरातील तांब्याच्या भांड्यातले पाणी बंद करण्याचे कारण नाही.

झटक्यापूर्वीच्या स्थितीविषयीचे पुरावे परस्परविरोधी आहेत. अमेरिकी संशोधक लेस्ली क्लेव्हे यांनी १९७५ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, जस्ताच्या तुलनेत तांबे कमी पडल्यास कोलेस्टेरॉलचे चयापचय बिघडून हृदयरोग उद्भवतो. याउलट, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पूर्व फिनलंडमधील पुरुषांच्या अभ्यासात सीरममधील तांबे आधीपासून अधिक असणाऱ्यांनाच पुढे झटक्याचा धोका जास्त आढळला. वाढलेले सीरम-तांबे हे सुप्त दाहाचे लक्षण मानले, तर या दोन निरीक्षणांतील विरोध पुष्कळसा कमी होतो. कारण सीरममधील तांबे हे शरीरातील तांब्याच्या साठ्याचे माप नव्हे.

सेलेनियम व कोबाल्ट :
धातू हेच हृदयविकाराचे कारण ठरल्याची उदाहरणेही आहेत. सेलेनियम काटेकोर अर्थाने धातू नव्हे, परंतु त्याचा विचार याच वर्गात केला जातो. चीनमधील केशान परगण्यात १९३५ मध्ये हृदयस्नायूच्या एका घातक विकाराची नोंद झाली. लहान मुले व प्रसूतिक्षम वयातील स्त्रिया त्यास विशेषत्वाने बळी पडत. ज्या पट्ट्यात हा रोग आढळे, तेथील मातीत व धान्यात सेलेनियम अत्यल्प होते. सिचुआन प्रांतात १९७४ मध्ये ४,५१० मुलांना सोडियम सेलेनाइट देण्यात आले. त्यांपैकी १० मुलांना हा रोग झाला. सेलेनाइट न दिलेल्या ३,९८५ मुलांमध्ये मात्र ५४ रुग्ण आढळले. येथे कमतरता भरून काढताच रोग हटला. तथापि, ज्यांच्या शरीरात सेलेनियम पुरेसे आहे, त्यांना ते अधिक दिल्याने हृदयरोग टळत नाही, हे पुढे अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसून आले.

कोबाल्टचे उदाहरण उलट दिशेचे आहे. कॅनडातील क्वेबेक शहरात १९६५-६६ मध्ये अतिरिक्त बिअर पिणाऱ्यांमध्ये हृदयस्नायूच्या विकाराची साथच आली. बिअरचा फेस टिकावा म्हणून कोबाल्ट सल्फेट मिसळले जात होते. आश्चर्याची बाब अशी की, त्या काळी पांडुरोगावर औषध म्हणून याहून अधिक कोबाल्ट दिले जात असूनही त्या रुग्णांची हृदये निकामी होत नव्हती. मद्यपींच्या आहारातील प्रथिनांची कमतरता व मद्याचा स्वतःचा दुष्परिणाम यांची जोड मिळाल्यावरच कोबाल्ट घातक ठरले असावे, असे मानले जाते.

शिसे व कीलेशन उपचार :
आजच्या रुग्णाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा धातू शिसे होय. ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइडचे कार्य बिघडवते व रक्तदाब वाढवते. अमेरिकेतील १४,२८९ प्रौढांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डेसिलिटरमागे ६.७ मायक्रोग्रॅम शिसे असणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणाऱ्या मृत्यूचा धोका १ मायक्रोग्रॅम असणाऱ्यांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक आढळला. यावरून शिसे काढून टाकल्यास हृदय वाचेल, असा तर्क स्वाभाविक वाटतो. शिरेतून ईडीटीए देण्याचा कीलेशन उपचार हृदयरोगासाठी १९५० च्या दशकापासून केला जात आहे. प्रारंभी तो रोहिण्यांतील कॅल्शियम विरघळविण्याच्या कल्पनेवर आधारलेला होता. शिशाचा युक्तिवाद नंतर आला. बायपास टाळण्याचा मार्ग म्हणून तो भारतातही विकला जातो.

या उपचाराची पहिली मोठी चाचणी १,७०८ रुग्णांवर झाली. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत हृदयविषयक घटनांमध्ये १८ टक्के सापेक्ष घट दिसली. मधुमेही रुग्णांत लाभ अधिक होता. म्हणून केवळ मधुमेही असलेल्या, पूर्वी झटका येऊन गेलेल्या १,००० रुग्णांवर दुसरी चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तातील शिसे ६१ टक्क्यांनी घटले, परंतु हृदयविषयक घटना उपचार घेणाऱ्यांत ३५.६ टक्के व न घेणाऱ्यांत ३५.७ टक्के होत्या. आकडा सुधारला, रुग्ण जेथल्या तेथे राहिला. उत्तर अमेरिकेतील या रुग्णांमध्ये शिसे मुळातच कमी होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. तरीही चाळीस सलाइनांचा खर्च व रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरण्याचा धोका पत्करावा, असा पुरावा आज उपलब्ध नाही.

रक्तातील शिशाचा अर्धायुकाल सुमारे एक महिना आहे. हाडांत मात्र ते कॅल्शियमच्या जागी बसून कित्येक दशके राहते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. त्यापूर्वी वाहतुकीच्या रस्त्यांलगत बालपण घालविलेल्यांची पिढी आता हृदयविकाराच्या वयात येत आहे. उतारवयात हाडांची झीज होताना साठलेले शिसे पुन्हा रक्तात उतरते व रक्ताच्या एका चाचणीत या साठ्याचा लहानसा अंशच मोजला जातो.