बाख यांची पहिली ‘इन्व्हेन्शन’ आणि संवादिनीचे गायकी अंग

प्रस्तावना

जालन्याजवळच्या खेड्यातून आलेले पं. अप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांनी संवादिनीवर गळ्यातील गाणे उतरविण्याचा ध्यास घेतला. पट्टीच्या वाद्यात प्रत्येक स्वर ठरलेला असतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यावर काढता येत नाही. मग असे वाद्य गाणार कसे? हाच प्रश्न जर्मन रचनाकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) यांच्यापुढेही होता. प्रस्तुत लेखात त्यांच्या एका छोट्या एकलवादन रचनेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

रचनेचे स्वरूप

युरोपीय संगीतातील सुमारे १६०० ते १७५० हा कालखंड ‘बारोक’ म्हणून ओळखला जातो. बाख यांनी १७२३ मध्ये पंधरा द्विस्वरी ‘इन्व्हेन्शन’ सिद्ध केल्या. दोन स्वतंत्र स्वरधारा स्वच्छ वाजविता याव्यात आणि मुख्य म्हणजे वादन गायनासारखे व्हावे, हा हेतू त्यांनी मुखपृष्ठावरच नोंदविला आहे.

यातील पहिली रचना ‘सी मेजर’मध्ये, म्हणजे आपल्या बिलावल थाटाच्या स्वरांत आहे. तिचा विस्तार चार-चार मात्रांच्या अवघ्या २२ विभागांचा आहे. पाव मात्रा रिकामी सोडून उजवा हात ‘सा रे ग म रे ग सा’ हा स्वरसमूह घेऊन पंचमावर येतो. त्याच क्षणी डावा हात तोच समूह खालच्या सप्तकात सुरू करतो. तिसऱ्या विभागात समूह उलटा होऊन ‘ध प म ग प म ध’ असा उतरतो. पुढे पंचमाला व नंतर धैवताला षड्ज मानून रचना विस्तारते आणि मूळ षड्जावर परतते. एका स्वरसमूहातून सारी रचना उभी राहते.

दोन वाद्ये, दोन मर्यादा

बाख यांच्या काळातील हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. तिचा नाद लवकर विरतो आणि बोटाच्या दाबाने तो लहान-मोठा करता येत नाही. बाख यांनी ही उणीव शोभास्वरांनी व दुसऱ्या स्वरधारेने भरून काढली. एक धारा लांब स्वरांवर येते तेव्हा दुसरी चालती राहते.

संवादिनीत स्वर हवा तेवढा टिकतो व भात्याने त्याचा चढउतार साधता येतो. मात्र हातपेटीत डावा हात भात्यावर गुंतल्याने अशी द्विस्वरी रचना वाजविणे शक्य नसते. संगीत नाटकांतील पायपेटीवर दोन्ही हात मोकळे असत. परंतु तेथेही वादकाचे लक्ष गायकाच्या एकाच स्वरधारेकडे राहिले. मींडेच्या अभावी कण, खटका, मुरकी आणि भात्याचा दम यांतून गायकीचा आभास निर्माण केला गेला.

समारोप

पट्ट्यांच्या याच ठरीव स्वरांमुळे आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात संवादिनीला प्रवेश नाकारला. हा आक्षेप निराधार नव्हता. परंतु वाद्याच्या मर्यादेवरून त्यावरील संगीताचा निवाडा होत नाही, हे बाख यांची रचना व जळगावकरांचे वादन या दोहोंवरून स्पष्ट होते. एकाने दुसऱ्या स्वरधारेचा आधार घेतला, तर दुसऱ्याने एकाच स्वरधारेत श्वास भरला. मार्ग भिन्न असले तरी दोघांचा आदर्श मानवी कंठ हाच होता.