मातीतली औषधे : पिंपरीच्या एच. ए.तील संशोधनाचा आढावा

मावळची व्याप्ती तालुक्याच्या हद्दीने मोजावी की पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यांनी, हा जुना प्रश्न लोकसभेच्या नकाशाने २००९ पासून आपल्यापुरता निकालात काढला असून मावळ मतदारसंघात पिंपरी-चिंचवडही येते. खोऱ्याचा निकष लावला तरी उत्तर फारसे बदलत नाही, कारण लोणावळ्याच्या दक्षिणेकडील डोंगरांत उगम पावणारी पवना मावळचे पाणी घेऊनच पिंपरीला पोहोचते. या पट्ट्यात नियतकालिक चालवून स्वतःचे संशोधन जगापुढे मांडण्याची परंपराही जुनी आहे; लोणावळ्याच्या कैवल्यधामाने योगक्रियांवरील शरीरशास्त्रीय प्रयोग ‘योगमीमांसा’तून १९२४ पासून प्रसिद्ध केले. रसायन आणि औषध यांच्या क्षेत्रात तसे काम झाले ते पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे सगळ्या परिसराच्या तोंडी असलेल्या एच. ए. कंपनीत.

मार्च १९५४ मधील स्थापना, युनिसेफची यंत्रसामग्री, जागतिक आरोग्य संघटनेचे तांत्रिक साहाय्य आणि १९५५ मध्ये सुरू झालेले पेनिसिलिनचे उत्पादन हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच्यावरूनच काही मंडळींनी असा निष्कर्ष काढला आहे की, परदेशी बीज परदेशी टाक्यांत वाढवून देशी बाटल्यांत भरणे एवढेच पिंपरीचे कर्तृत्व होय. पेनिसिलिनपुरते, आणि १९६० नंतर मर्क कंपनीच्या तंत्राने उभ्या राहिलेल्या स्ट्रेप्टोमायसिन विभागापुरते, हे विधान काही अंशी मान्य करता येते. परंतु ज्यांनी १९५८ पासून निघणाऱ्या ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’चे पहिले दहा खंड उघडून पाहिले आहेत, त्यांना ते पुढे रेटता येणार नाही.

त्या खंडांच्या केंद्रस्थानी म. ज. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ आहेत. काणी रोगाच्या बुरशींवर बा. भ. मुंडकुरांच्या जोडीने ग्रंथ लिहिणारा हा वनस्पतिरोगांचा अभ्यासक औषधाच्या कारखान्यात आला, आणि पुढच्या सगळ्या संशोधनाला वळण लागले ते यामुळेच. १९५५ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये ॲक्टिनोमायसीट गटातील, म्हणजे बुरशीसारखे तंतू धरणाऱ्या मातीतील जीवाणूंच्या गटातील, एक नवी प्रजाती मांडली, तिच्या तंतूंच्या घट्ट गाठी बनतात हे तिचे वैशिष्ट्य, आणि पेनिसिलिनच्या कामाबद्दल नोबेल मिळवणाऱ्या अर्न्स्ट चेन यांच्या सन्मानार्थ तिचे नाव ‘चेनिया’. वर्गीकरणकारांनी पुढे ही प्रजाती स्ट्रेप्टोमायसिसमध्ये विलीन केली, तरी त्या गाठींचे निरीक्षण खोटे ठरलेले नाही.

नव्या प्रतिजैविकाचा, म्हणजे एका सूक्ष्मजीवाने निर्मिलेल्या आणि दुसऱ्याला मारक ठरणाऱ्या द्रव्याचा, शोध त्या काळी कसा लागे हे पाहण्यासारखे आहे. मातीची चिमूट निर्जंतुक पाण्यात ढवळून, ते पाणी पायरीपायरीने विरल करून आगरच्या थरावर पसरले जाई. काही दिवसांनी त्यावर खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या, पहिल्या पावसाचा मातकट वास असणाऱ्या वसाहती उठत, आणि त्यांतील एकेक उचलून कँडिडा या रोगकारक यीस्टच्या थरावर ठेवली जाई. जिच्याभोवती यीस्ट न वाढलेले स्वच्छ कडे दिसे ती पुढे जाई, बाकीच्या टाकून दिल्या जात. आणि पुढे गेलेल्यांतीलही बहुतेक वसाहती जुनेच, इतरत्र सापडलेले द्रव्य बनवत असल्याचे उघडकीस येऊन काम पुन्हा मातीपासून सुरू होई.

अशा चाळणीतून १९६१ मध्ये हॅमायसिन हाती आले. ते निर्माण करणाऱ्या जीवाणूचे ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ हे नाव गावावरून, तर औषधाच्या नावातील आद्याक्षरे कंपनीची. रासायनिकदृष्ट्या ते हेप्टाइन आहे, म्हणजे त्याच्या मोठ्या वलयात एकाआड एक अशा सात दुहेरी बंधांची साखळी असते. बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल या द्रव्याला ते चिकटते, पटलाला गळती लागते आणि पेशी मरते. याच कुळातील निस्टॅटिनला न्यूयॉर्क राज्याचे नाव मिळाले आणि ॲम्फोटेरिसिन-बी व्हेनेझुएलातील ओरिनोकोकाठच्या मातीतून आले. त्यांच्या पंक्तीला पिंपरीची माती बसली, ही गोष्ट येथील शालेय पाठ्यपुस्तकांना अद्याप सुचलेली नाही. तोंडातील कँडिडाचा संसर्ग, योनिदाह आणि कानातील बुरशी यांवर हॅमायसिन वापरले गेले, आणि ब्लास्टोमायकोसिस या खोलवर पसरणाऱ्या बुरशीरोगावर अमेरिकेतही त्याचे प्रयोग झाले. पाण्यात विरघळण्याची नाखुशी आणि विषारीपणा या दोन अडचणी मात्र सुटल्या नाहीत. मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून ते देण्याचे प्रयोग भारतात पुढे झाले, पण औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचले ते त्याच तत्त्वावरचे ॲम्फोटेरिसिन.

तरीही या लेखाचा खरा पक्षपात १९६४ च्या ऑरिओफंगिनकडे आहे. हेही हेप्टाइनच, परंतु वनस्पतिरोगांच्या अभ्यासकाच्या हाती पडल्यामुळे ते माणसाऐवजी पिकावर तपासले गेले, आणि पानातून किंवा मुळातून आत शिरून झाडाच्या अंगात फिरते असे आढळले. भातावरील करपा आणि द्राक्षावरील भुरी यांवर त्याची शिफारस झाली. दक्षिणेत माडाच्या तंजावर मररोगावर दोन ग्रॅम ऑरिओफंगिन-सोल आणि एक ग्रॅम मोरचूद शंभर मिलिलिटर पाण्यात मिसळून जिवंत मुळीला पाजण्याची पद्धत कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत रूढ झाली. आंबेमोहराला करप्याचे भय असलेल्या मावळात या संशोधनाची गोडी वेगळी सांगावी लागत नाही. वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आय. आर.-८ यांच्या संकरातून १९८७ मध्ये इंद्रायणी वाण दिले, हे शहाणपण नव्या वाणाच्या वाटेने आले. पिंपरीची वाट औषधाची होती, आणि एकाच खोऱ्यातील या दोन वाटांचा एकत्र विचार झालेला क्वचितच आढळतो.

याच काळातील अँटिअमीबिन हे ‘एमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस’ या बुरशीपासून मिळालेले, अमीबा आणि कृमी यांवर योजलेले पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. औषध म्हणून त्याची वाटचाल अल्प ठरली, पण १९९८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि बंगळूर येथील संशोधकांनी त्याची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा पेशीपटलात आयनांसाठी वाट पाडणाऱ्या रेणूंचा नमुना म्हणून पिंपरीचे जुने द्रव्य पुन्हा चर्चेत आले. संशोधनाचे मोल पेटंटांच्या मोजदादीने ठरवणाऱ्यांच्या वहीत अशा नोंदीला रकानाच नसतो.

त्यानंतरचे जीवनसत्त्व ‘क’, जेंटामायसिन, राज्यांबरोबरचे संयुक्त कारखाने आणि जपानहून आणलेले अधिक उत्पादक पेनिसिलिन-बीज यांविषयी अहवालांत पुरेसे लिहिलेले आहे. पेनिसिलिनचा रेणू रसायनांऐवजी विकराने तोडून ६-एपीए हा अर्धकृत्रिम पेनिसिलिनांचा गाभा मिळवण्याचे काम तेवढे वेगळे काढावे लागते. त्यात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि एच. ए. या दोहोंतील संशोधकांचे लेखन आजही संदर्भासाठी उघडले जाते.

ऱ्हासाचे खापर केवळ सार्वजनिक क्षेत्राच्या आळशीपणावर फोडणे ही आता रीत झाली आहे. नव्वदीच्या दशकात स्वस्त चिनी पेनिसिलिनपुढे खाजगी कारखान्यांनाही आपल्या किण्वन-टाक्या थंड कराव्या लागल्या, हे मात्र सोयीने विसरले जाते. २०१६ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय घेतला, आणि तेव्हापासून एच. ए.विषयीच्या बातम्या एकरांत मोजल्या जातात. पेनिसिलिन-जी देशात पुन्हा बनवण्यासाठी सरकारला प्रोत्साहन योजना आखावी लागली आणि त्यातून मोठा कारखाना २०२४ मध्ये उभा राहिला तो काकिनाड्याला.

शेतकऱ्यांना एच. ए. ठाऊक आहे ती स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुडीमुळे; नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असे हे मिश्रण डाळिंबाच्या तेल्या रोगावर सांगोल्यापासून नाशिकपर्यंत फवारले गेले. माणसाच्या क्षयावरचे औषध बागेत ओतल्याने जीवाणू निर्ढावतात, या कारणाने केंद्राने २०२१ च्या अखेरीस त्याच्या बंदीचा मसुदा काढला, आणि तो योग्यच होता. खेद याचा की, पिकासाठी म्हणून मुद्दाम तपासलेल्या ऑरिओफंगिनची पुढची पिढी घडवण्याऐवजी तयार औषधांची मिसळ विकणे सोपे मानले गेले. ‘बुलेटिन’च्या पहिल्या दहा खंडांची विषयवार सूची करून, त्यांत वर्णिलेली द्रव्ये आजच्या उपकरणांनी पुन्हा तपासणे हे काम एखाद्या विद्यापीठीय विभागाच्या आवाक्यातले आहे, आणि सुरुवात अर्ध्यात सोडलेल्या हेप्टाइनांपासून करावयास हवी.