मोटारीच्या धूरनळ्या : घरीं कराव्या कीं विकत घ्याव्या ?

मोटारीच्या एंजिनाची गोष्ट निघाली कीं, आपलें लक्ष दट्ट्या, झडपा आणि पेट्रोल यांकडे जातें. जळलेला वायु बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. परंतु श्वास आंत घेणें जितकें आवश्यक, तितकेंच तो बाहेर टाकणेंही आवश्यक होय; आणि एंजिनाची गोष्ट याहून निराळी नाहीं. एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरांतून निघणाऱ्या व पुढें एकत्र मिळणाऱ्या या नळ्यांच्या जुडग्यास एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असें म्हणतात.

इंग्लंडांत स्वतःच्या हातानें मोटार जोडण्याचा छंद बराच जुना आहे. कॉलिन चॅपमन यांनीं १९५७ सालीं 'लोटस सेव्हन' नांवाची हलकी, उघडी गाडी काढली. ती सुट्या भागांच्या रूपानें घेतल्यास त्या काळचा खरेदी-कर वांचत असे. म्हणून पुष्कळ लोक ती घरींच जोडीत. पुढें १९९६ सालीं २५० पौंडांत अशी गाडी कशी बांधावी हें सांगणारें रॉन चँपियन यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. ती गाडी औंडल येथील शाळेंतील विद्यार्थ्यांस बांधतां यावी अशा बेतानें आखलेली होती, ही गोष्ट आपणां विद्यार्थ्यांस विशेष गोड वाटेल. या गाड्या वजनानें हलक्या असल्यामुळें त्यांत मोटारसायकलचें एंजिन बसविण्याची चाल पडली. १९९२ सालचें होंडा फायरब्लेड, १९९८ सालचें यामाहा आर-१ व १९९९ सालचें सुझुकी हायाबुसा यांचीं एंजिनें या कामीं फार लोकप्रिय झालीं. तीं आकारानें आटोपशीर असून मिनिटास १०,००० हून अधिक फेरे घेऊं शकतात.

आतां कोणी विचारील कीं, मोटारसायकलच्या मूळच्या नळ्याच कां वापरूं नयेत ? याचें कारण एंजिनाच्या बैठकींत आहे. मोटारसायकलवर एंजिन आडवें बसतें; त्याच्या धुराचीं तोंडें पुढच्या बाजूस असतात व नळ्या एंजिनाखालून मागें जातात. मोटारींत मात्र मागील चाकांकडे दांडा न्यावयाचा असल्यामुळें एंजिन काटकोनांत फिरवितात. साखळीचें चक्र, जें बहुतेक जपानी मोटारसायकलींत डाव्या अंगास असतें, तें मागें येतें. आणि धुराचीं तोंडें गाडीच्या डाव्या अंगास येतात. एंजिनाखालून नळ्या न्याव्या तर जमिनीपासून उंची फारच थोडी उरते. म्हणून त्या कुशींतून बाहेर काढून आवाज दाबणाऱ्या डब्यापर्यंत न्याव्या लागतात. सारांश, जुडगा नवा करणें भाग पडतें.

परंतु वाटेल त्या लांबीच्या नळ्या जोडून चालत नाहीं. झडप उघडतांच वायूबरोबर दाबाची एक लाट नळींतून धांवूं लागते. जेथें नळ्या एकत्र मिळतात तेथें नळी एकदम रुंद होते, व तेथून उलट प्रकारची, म्हणजे कमी दाबाची, लाट माघारी येते. ती योग्य क्षणीं झडपेपाशीं पोंचली तर सिलिंडरांतील उरलासुरला वायु ओढून घेते. एक हिशोब करून पाहूं. तप्त वायूंत लाटेचा वेग सेकंदास सुमारें ५५० मीटर धरिला व नळी ७० सेंटिमीटर असली, तर जाऊन येण्यास सुमारें अडीच सहस्रांश सेकंद लागतो. मिनिटास १०,००० फेरे असतां एका फेऱ्यास सहा सहस्रांश सेकंद लागतो. म्हणजे अर्धा फेरा होण्यापूर्वींच लाट परत येते. नळी लांब केली तर हा लाभ कमी वेगावर मिळतो, आंखूड केली तर अधिक वेगावर. म्हणूनच चारही नळ्या शक्य तितक्या समान लांबीच्या ठेवतात.

चारही नळ्या एकदम एकत्र आणणें ही एक पद्धति. आधीं दोन-दोन जोडून मग त्या दोहोंची एक करणें ही दुसरी. पहिली बहुधा अतिवेगीं अधिक शक्ति देते, तर दुसरी मधल्या वेगांत अधिक उपयोगी पडते. दुसऱ्या पद्धतींत नेहमींच्या एंजिनांत पहिला व चौथा आणि दुसरा व तिसरा अशा जोड्या करतात, कारण त्यांचे स्फोट एकमेकांपासून बरोबर एका फेऱ्याच्या अंतरानें होतात. यामाहा आर-१ च्या २००९ पासूनच्या एंजिनांत स्फोटांचा क्रम निराळा आहे, हें मात्र लक्षांत ठेवावें.

घरीं करावयाचें तर तयार वळणें विकत आणून, कापून, एंजिनावरच टांक्यांनीं जोडून पाहावीं. वळवितांना नळी चपटी झालेली नसावी. अखेरची जोडणी करतांना तोंडाची जाड पट्टी एखाद्या जुन्या सिलिंडर-हेडवर घट्ट आंवळून ठेवावी. नाहीं तर उष्णतेनें ती वांकते व धूर गळूं लागतो. गंजरोधक पोलाद जोडतांना नळीच्या आंतही आर्गॉन वायु भरावा लागतो. अन्यथा सांध्याच्या आंतील अंगास खरखरीत काळी कीट धरते. हें पोलाद तापून वाढतेंही फार. एक मीटर नळी ५०० अंश सेंटिग्रेडनें तापली तर साडेआठ मिलिमीटर वाढते. ही वाढ सामावून घेण्यासाठीं एका नळींत दुसरी सरकेल असे, स्प्रिंगांनीं धरलेले सांधे ठेवतात. डब्याचा भारही जुडग्यावर न टाकतां त्यास स्वतंत्र आधार द्यावा. नाहीं तर थरथरीनें तडे जातात.

विकत घ्यावयाचा तर आपली चौकट व आपलें एंजिन या दोहोंसाठीं तो केलेला आहे काय, हें प्रथम विचारावें. प्रचलित जोडणी असेल तर तयार जुडगा वेळ व श्रम वांचवितो. चौकट स्वतः आखलेली असेल तर तो बहुधा बसत नाहीं. अशा वेळीं मधला मार्ग उत्तम : मापें घेऊन टांके आपण घालावे, आणि अखेरची जोडणी कुशल कारागिराकडून करून घ्यावी.

येथें काटकसरीपेक्षां मोठी गोष्ट पणास लागलेली असते. गळक्या सांध्यांतून येणारा कार्बन मोनॉक्साइड वायु रंगहीन, गंधहीन व प्राणघातक आहे. बंद खोलींत एंजिन कधींही चालवूं नये. गाडीच्या कुशीस असलेली तप्त नळी उतरणाऱ्याच्या पायास पोळते. तिच्यावर आच्छादन हवें. म्हणून घरीं करावें कीं विकत घ्यावें, याचें उत्तर पैशाच्या पिशवींत शोधूं नये. ज्याचा हात सांध्यावर बसलेला आहे त्यानें अवश्य करावें. ज्याचा बसलेला नाहीं त्यानें आधीं भंगाराच्या नळ्यांवर तो बसवावा. शिकण्यास लागलेला वेळ कधींही वायां जात नाहीं.