चेहऱ्याचें सिरम : वेष्टण नव्हे, घटक पाहा

नागपूरच्या सीताबर्डीवरील प्रसाधनांच्या दुकानांत हल्लीं इवल्याशा बाटल्यांच्या रांगा दिसतात. यांस ‘सिरम’ म्हणतात. क्रीमहून पातळ, लौकर मुरणारें व एखाद्या गुणकारी द्रव्याचा अंश अधिक असलेलें असें हें द्रावण होय. किमतींत मात्र जमीनअस्मानाचें अंतर! मग गृहिणीनें निवड करावी ती कशावरून? अर्थात् घटकांवरून.

यादींत शेंकडा एकाहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमानें देण्याचा नियम आहे. तेव्हां जाहिरातींतलें द्रव्य कितव्या स्थानीं आहे, हें आधीं पाहावें.

‘क’ जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, शेंकडा 10 ते 20 असावें. त्यापुढें प्रमाण वाढवून लाभ वाढत नाहीं. प्रकाश, हवा व उष्णता यांनीं तें बिघडून तपकिरी होतें. मे महिन्यांत पारा 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या शहरांत तें गडद बाटलींतलेंच घ्यावें व थंड जागीं ठेवावें. घरचीं संत्रीं असतां विकतचें कशास, असें कोणी म्हणेल. परंतु संत्र्याच्या रसांत हें जीवनसत्त्व शेंकडा एकाच्या दहाव्या हिश्श्याइतकेंही नसतें. संत्रें खावें हेंच उत्तम!

डाग फिके करण्यास नायसिनमाइड शेंकडा 4 ते 5 पुरे. तें स्वस्त असून उन्हाळ्यांतही टिकतें. हायल्युरॉनिक आम्ल केवळ ओलावा धरून ठेवतें, डाग घालवीत नाहीं. तें ओलसर चेहऱ्यावर लावून वर क्रीम लावावें.

सर्वांत जपावयाचें तें रेटिनॉल. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळांतलें हें द्रव्य शेंकडा एकाहून कमी असूनही सुरकुत्यांवर गुण देतें. तें रात्रींच लावावें. गर्भवतीनें मात्र तें वर्ज्य मानावें. एकत्र कुटुंबांत आरशाजवळची बाटली सर्वांचीच होते! सासूबाईंसाठीं आणलेलें रेटिनॉल दिवस गेलेल्या सुनेच्या हातीं सहज पडावयाचें. म्हणून अशा बाटलीवर ठळक चिठ्ठी डकवून ती वेगळी ठेवावी.

नवें सिरम प्रथम कोपराच्या आंतील बाजूस थोडे दिवस लावून पाहावें. आग वा पुरळ उठल्यास सोडून द्यावें. आणि दिवसा ऊन्हापासून रक्षण करणारें क्रीम न लावतां डाग घालविण्यासाठीं महागडें सिरम वापरणें, म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणेंच होय.