पंखावरची अक्षरे

लिंबाच्या झाडाभोवती घिरट्या घालणारे, काळ्या पंखांवर निळसर पट्टे असलेले फुलपाखरू आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. 'पॅपिलिओ मॅनलियस' हे त्याचे शास्त्रीय नाव. मॉरिशसखेरीज ते जगात कोठेही आढळत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका वादळी रात्रीनंतर आमच्या पडवीत त्याचा तुटका पंख पडलेला मिळाला. घरातील मुलाने तो शाळेत असतो तसल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, वरच्या भिंगाला मोबाइल फोन लावला आणि फोटो काढला. फोटोत आला नुसता काळा डाग!

चूक उजेडाची होती. अशा सूक्ष्मदर्शकात उजेड खालून येतो, आणि काळ्या पंखातून तो पार होत नाही. आम्ही खालचा दिवा बंद केला, बाजूने बॅटरी धरली व मध्ये पातळ पांढरा कागद लावला. आणि काय सांगावे! फुलपाखरू धरले की बोटाला लागते ती भुकटी ही भुकटी नव्हेच. छपरावर कौले बसवावीत तसे एकावर एक रचलेले खवले आहेत ते. एकेकाची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

काळा किंवा तपकिरी रंग खवल्यातील रंगद्रव्याचा असतो. परंतु दक्षिण अमेरिकेतील 'मॉर्फो' फुलपाखराच्या झगझगीत निळ्या पंखात निळे द्रव्य मुळीच नाही. खवल्यांवरील अतिसूक्ष्म थरांवरून परतणारा प्रकाशच तो रंग घडवितो. त्यावर अल्कोहोलचा थेंब टाकला की निळ्याचा हिरवा होतो. थेंब सुकला की पुन्हा निळा.

मोठ्या शक्तीच्या भिंगातून एका वेळी पंखाचा अगदी पातळ थर तेवढा स्पष्ट दिसतो. म्हणून आज छायाचित्रकार भिंग केसभर सरकवीत शंभर-दोनशे फोटो घेतात आणि संगणकावर त्यांचा एक करतात. तेवढ्यात कोणी दार आपटले की मेहनत वाया!

संगणकाची ही सोय नव्हती तेव्हाची गोष्ट. नॉर्वेचे शेल सँडवेद १९६० साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आले. तेथे माळ्यावरील सिगारच्या जुन्या डब्यात त्यांना एक पतंग सापडला. सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो पंखावर सुबक इंग्रजी 'एफ'! एक अक्षर आहे, तर बाकीची का नसावीत? फोटोग्राफीचे शिक्षण नसताना त्यांनी कॅमेरा हाती घेतला, देशोदेशी हिंडले. 'ए' ते 'झेड' पुरी होण्यास जवळजवळ दोन तपे लागली.

हे ऐकल्यापासून आमचा मुलगा त्या तुटक्या पंखावर देवनागरी अक्षरे शोधीत आहे. 'अ' अजून मिळालेला नाही. एका कोपऱ्यात 'ट' आहे असे तो म्हणतो. आजीने चष्मा पुसून फोटो पाहिला आणि सांगितले, ''ट नव्हे रे, ढ आहे तो!''